खाली माणसं आहेत

गोदीच्या दप्तरात तिचा हुद्दा ‘सिग्नलमन’ असाच होता. ज्यांनी हुद्दे ठरवले त्यांच्या स्वप्नातही त्या जागी बाई आली नव्हती, आणि खरीखुरी बाई आली तेव्हा शिक्का बदलायचा खर्च कोणाला परवडला नाही. कामगार तिला सिग्नलवाली म्हणत. तोंडावर बाई म्हणत, आणि पाठ वळली की आणखीही काही म्हणत. तिला ते ठाऊक होतं, पण त्याचं सोयरसुतक नव्हतं.

तिचं काम धक्क्यावर क्रेनच्या खाली उभं राहायचं. क्रेन चालवणारा वर काचेच्या पिंजऱ्यात बसतो. त्याला खालचं निम्मं दिसत नाही, आणि वारा, इंजिनं, साखळ्या यांच्या कल्लोळात ऐकू तर काहीच येत नाही. म्हणून बोलणं हातांचं. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. तळवा खाली करून हलवला की सोड. हात आडवा ताणला की थांब. इतकी वर्षं हेच केल्यामुळे घरीही तिचे हात तोंडाच्या आधी बोलत. नवरा सांगायचा की लग्नानंतर पहिल्यांदा भांडण झालं तेव्हा तिने नुसता हात आडवा केला आणि तो उंबऱ्यातच थबकला, एक पाय आत, एक बाहेर.

उचल म्हणायचा अधिकार गोदीत एकाच माणसाला असतो. दोघांनी उचल म्हटलं तर वरच्याने ऐकायचं कोणाचं? पण थांब कोणीही म्हणावं. झाडूवाल्याने म्हणावं, पाणी भरणाऱ्याने म्हणावं, वाट चुकून आलेल्या पाहुण्याने म्हणावं. हात आडवा दिसला की माल जागच्या जागी लटकून राहतो आणि कारण मागाहून विचारलं जातं. एकदा एका झाडूवाल्याने अशी सगळी रांग थांबवली आणि पाहिलं तर काहीच नव्हतं, पत्र्याची सावली हलली होती. गोदामाचा साहेब सिग्नलवालीवर तणतणला, की सावलीसाठी एवढा खोळंबा? ती म्हणाली, “सावलीच होती, हे थांबल्यावर कळलं.”

मी गोदीच्या निवृत्तिवेतन निधीच्या कचेरीत कारकून होतो. विश्वस्तांच्या बैठकीत कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहायचं माझं काम, म्हणून पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. उरलेलं तिच्या नवऱ्याने सांगितलं. त्यातलं तिखटमीठ जमेल तितकं झटकून देतो आहे.

हा निधी कामगारांनी फार पूर्वी एका लांबलेल्या संपानंतर पदरात पाडून घेतला होता. दर महिन्याला पगारातून थोडं कापलं जायचं, तितकंच व्यवस्थापन घालायचं, आणि माणूस थकला की त्यातून त्याला मरेपर्यंत दरमहा मिळायचं. विश्वस्त निम्मे व्यवस्थापनाचे, निम्मे युनियनचे. नियम लिहायची वेळ आली तेव्हा जुन्या कामगारांनी हट्ट धरला की मोठा निर्णय सगळ्यांचा होकार असेल तरच व्हावा, एकाचा नकार पुरे. वकील हसला म्हणतात. अशाने जगात कुठलाही कारभार चालत नाही, तो म्हणाला. गोदी चालते, असं त्याला उत्तर मिळालं, आणि कलम तसंच राहिलं. कोणी ते कधी वापरलं नव्हतं.

सिग्नलवाली विश्वस्त झाली ती कोणी मिळेना म्हणून. बैठका सुट्टीच्या दिवशी, चहा गार, आणि आकडे ऐकून जांभया. युनियनच्या अध्यक्षांनी तिचं नाव सुचवलं. ती त्यांना दादा म्हणायची, गोदीतले सगळेच म्हणायचे. ती पोटुशी असताना तिला कामावरून काढायचा घाट घातला गेला तेव्हा याच माणसाने साहेबाच्या दारात ठाण मांडून तिला कायम करून घेतलं होतं. संपात तो तुरुंगातही जाऊन आला होता. तो वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं सोपं होऊन बसेल. त्याचा अंदाज एवढाच होता की ही बाई हाताने बोलते, तोंडाने फारसं बोलत नाही, आणि हात वर कर म्हटलं की करील.

त्या वर्षी सरकारच्या कर्जाची बोंब झाली. सरकार लोकांकडून पैसे उसने घेतं आणि बदल्यात रोखे देतं. अमुक साली परत करीन, तोवर इतकं व्याज देईन, असा तो वायदा. आमच्या निधीची बहुतेक पुंजी त्या रोख्यांतच होती, कारण सरकारपेक्षा खात्रीचा ऋणको कोण? मग कुजबुज सुरू झाली की जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज काढलं जातंय, या खिशातलं त्या खिशात. बाजार घाबरला. बाजार म्हणजे कोण, हे मला अजूनही कळलेलं नाही. त्याला ताप येतो, धडकी भरते, तो रुसतो, त्याची समजूत घालावी लागते. त्याला पोट असल्याचं मात्र मी कधी ऐकलं नाही.

त्याची समजूत घालायला सरकारने एक तोड काढली. लवकरच परत करायच्या रोख्यांच्या जागी निधींनी नवे रोखे घ्यावेत. ते पंचवीस वर्षांनी परत होतील, आणि व्याज कमी. म्हणजे ज्यांना तेव्हा निवृत्तिवेतन मिळत होतं त्यांतले बहुतेक तोवर भिंतीवरच्या तसबिरीत गेलेले असणार, आणि जिवंत असतील तोवर त्यांचं दरमहाचं वेतन आवळलं जाणार. गोदीही सरकारचीच, म्हणून त्या होकाराच्या बदल्यात व्यवस्थापनाने युनियनला शब्द दिला होता की हंगामी कामगारांपैकी एकालाही यंदा काढणार नाही. हे सगळं ठरवून झाल्यावर कागद आमच्या टेबलावर आला. महिनाअखेरच्या आत उत्तर पाठवायचं होतं.

बैठकीची खोली मला अजून दिसते. बंदराकडे तोंड असलेली खिडकी, तिच्या काचेवर मिठाची पुटं, झाकण ठेवलेले पाण्याचे पेले. अध्यक्षस्थानी व्यवस्थापनाचा वित्त अधिकारी बसायचा. सभ्य माणूस, पित्ताचा त्रास असलेला. बोलता बोलता गोळी चघळायचा. त्याने सगळं नीट समजावून सांगितलं, काही लपवलं नाही. मग तो म्हणाला, सर्वांची संमती गृहीत धरू का?

सिग्नलवालीने हात आडवा केला.

हात वर नव्हता, आडवा होता. शेजारच्या विश्वस्ताच्या चष्म्यासमोरून गेलेला, ताठ, तळवा जमिनीकडे. अधिकाऱ्याला अर्थ लागेना. युनियनच्या बाजूच्या सगळ्यांना लागला, आणि मी पाहिलं की त्यांतल्या एकाचा पेला तोंडाशी नेता नेता थांबला.

“बाई, हा विरोध समजायचा का?” अधिकाऱ्याने विचारलं.

“विरोधाचं नंतर बघू. आधी थांबा.”

“अगं, आपलं ठरलंय ना सगळं?” दादा तिच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले.

“तुमचं ठरलंय, दादा. मी गप्प होते.”

“बरं, कारण तरी सांगशील?”

“खाली माणसं आहेत,” ती म्हणाली.

माल डोक्यावरून न्यायचा असेल तर आधी खालची माणसं बाजूला करतात, किंवा निदान ओरडून त्यांना सांगतात, असं तिने त्यांना आपल्या पद्धतीने, हात हलवत सांगितलं. ज्यांचं वेतन आवळायचं त्यांना कोणी विचारलंय का? अधिकारी म्हणाला, विश्वस्त त्यांचेच प्रतिनिधी असतात. “म्हणजे मीच ना?” ती म्हणाली. “मग मी तर थांबा म्हणतेय.”

त्याने पुन्हा सगळं पहिल्यापासून समजावलं. ती मन लावून ऐकत होती, आणि तिचे काही प्रश्न अगदीच अडाणी होते. रोखे तिजोरीत आहेत ना, मग ते दिले नाहीत तर कोण नेणार, असं तिने विचारलं. तिजोरीत काहीच नसतं, सगळं यंत्रात नोंदलेलं असतं, हे ऐकून ती जराशी खट्टू झाली. दादांना हसू आवरलं नाही. तिने ते मनावर घेतलं नाही. यातलं निम्मं मला कळत नाही, ती म्हणाली, पण जे कळत नाही त्यावर सही कशी करू? मग तिने मला मसुद्याचा शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगितला. मी वाचला. ‘आम्ही विश्वस्त, कोणत्याही दबावाविना, स्वेच्छेने’ इथवर आलो तेव्हा तिने पुन्हा हात आडवा केला.

“सरकारची अडचण आहे ना? मग कायदा करा आणि घ्या,” ती अधिकाऱ्याला म्हणाली. “हातात आहे तुमच्या. पण घेतलं म्हणा. आम्ही आपण होऊन दिलं, असं कशाला लिहून मागता?”

अधिकारी खरं बोलला. मला त्याबद्दल त्याचा आदर वाटतो. “कारण घेतलं म्हटलं की बाजार घाबरतो,” तो म्हणाला. “दिलं म्हटलं की शांत होतो.”

“म्हणजे बाजाराला झोप लागावी म्हणून आमच्या म्हाताऱ्यांनी जागायचं.”

इतिवृत्तात मी लिहिलं, एका विश्वस्तांनी विषय थांबवला. ‘थांबवला’ या शब्दाला माझ्या वरिष्ठांनी नंतर हरकत घेतली. मी तो बदलला नाही.

ती राहायची ती खोली गोदीमागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून एका गोदामाचं छप्पर दिसायचं आणि त्यावर सुकत घातलेल्या कोणाच्या तरी सतरंज्या. नवरा गोदीच्या कार्यशाळेत फिटर होता. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. लोखंडाच्या धुळीने त्याची छाती कामातून गेली होती. बिघडलेली घड्याळं, शेगड्या, कुलपं लोक त्याच्याकडे आणून टाकत आणि तो ती नीट करत बसे. छाती सोडून सगळं दुरुस्त करतो मी, म्हणायचा. त्याचं औषध निवृत्तिवेतनातून यायचं. बैठकीची हकीकत ऐकून तो आधी खोकला, मग हसला, मग पुन्हा खोकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, त्याने निकाल दिला.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की गोदीच्या निधीने कच खाल्ली आहे, आणि त्या दिवशी सरकारी रोख्यांचा भाव थोडा उतरला. कशाने उतरला कोण जाणे. पण गल्लीत ठरलं की हिनेच उतरवला. मिस्त्री येणाऱ्याजाणाऱ्याला जिन्यात थांबवून सांगू लागला, “आमच्या मंडळींनी बाजार पाडला म्हणे. माझा तर आवाजही चढत नाही तिच्यापुढे, बाजाराची काय कथा.”

त्याच आठवड्यात दादा घरी आले. स्वयंपाकाच्या ओट्याशी असलेल्या लहान टेबलावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मिस्त्रीच्या छातीची चौकशी केली. मग मूळ मुद्द्यावर आले. हंगामी पोरांच्या यादीत तिच्या जावयाचं नाव होतं. तो जहाजावर माल बांधायच्या टोळीत होता. तिला ते माहीत होतं, आणि तिला ते माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं, तरी त्यांनी ते एकदा मोठ्याने म्हटलं. म्हटल्यावर खोलीत ते वेगळंच ऐकू आलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. म्हाताऱ्यांचं बरंचसं जेवून झालंय, ते म्हणाले, ते दोन घास कमी खातील. पोरांच्या ताटात अजून काही पडलंच नाही. आज तू अडून बसलीस तर उद्या त्यांच्या पोटावर पाय येईल, आणि तो तुझा असेल.

मिस्त्रीने हातातलं घड्याळ बाजूला ठेवलं. सिग्नलवाली कधी विचारात पडली की तिचे हात मांडीवर पालथे पडलेले असायचे, तसे ते होते.

“हिशोब बरोबर असेल तुमचा,” ती शेवटी म्हणाली. “पण दोनच ताटांचा का मांडलाय, दादा? टेबलाच्या पलीकडचं, साहेबांचं ताट कुठंय?”

“पलीकडे आपला हात पोचत नाही.”

“पोचायचा की एके काळी.”

दादा उठले. चहा तसाच राहिला. दारात ते मिस्त्रीला म्हणाले, हिला समजाव. मिस्त्री म्हणाला, तुम्ही युनियन घेऊन आलात तरी समजली नाही, मी तर एकटा आहे.

मुलगी आली ती मात्र भांडायलाच. दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिचं म्हणणं सरळ होतं. आईची नोकरी कायम, बापाला वेतन चालू, आणि या दोघांच्या मानापायी तिच्या नवऱ्याने घरी बसायचं. बाबांचं औषध मी आणीन, ती म्हणाली. कशातून, आईने विचारलं, ज्या पगाराचा शब्द यंदापुरता आहे त्यातून? व्यवस्थापन देतंय एका वर्षाचा शब्द आणि मागतंय पंचवीस वर्षांचा कागद. मुलीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुझं बरोबर असेल आई, पण माझ्या घरी ते शिजत नाही.” आणि गेली. त्यानंतर ती येईनाशी झाली. सिग्नलवालीने तिला बोलावणं धाडलं नाही. रडलीही नाही, निदान मिस्त्रीच्या देखत.

महिनाअखेर जवळ आली तशी दादांनी शेवटचा उपाय केला. विश्वस्ताला पदावरून दूर करायचा अधिकार कामगारांना होता, गेटवरच्या सभेत हात वर करून. सकाळची पाळी सुटून दुपारची लागायच्या वेळी गेट मीटिंग ठेवली. बोचरं वारं होतं. दादा एका पालथ्या पेटीवर उभे, हातात कर्णा. पुढे कायम कामगार. त्यांच्या मागे कुंपणाला टेकून हंगामी पोरं, त्यांत तिचा जावई, मान खाली. आणि फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे निवृत्त माणसं. निवृत्त होताना पास काढून घेतात, म्हणून त्यांना आत येता येत नव्हतं. मफलर गुंडाळून, काठ्या टेकून ती उभी होती. मिस्त्री त्यांच्यात होता आणि त्याचा खोकला आतपर्यंत ऐकू येत होता.

दादा चांगले बोलले. जुना संप, तुरुंग, आजची आणीबाणी. देश अडचणीत असताना आपण आडमुठेपणा केला तर जग आपल्याला काय म्हणेल, असं विचारून त्यांनी कर्णा तिच्यापुढे धरला. तिला तो नीट धरता येईना. पहिली दोन वाक्यं वाऱ्यातच गेली. मागून एक पोरगा ओरडला, “मावशी, हातानेच बोल, ते तरी कळेल.” सगळे हसले. तीही हसली. कर्णा तिने पेटीवर ठेवून दिला आणि नुसत्या आवाजात बोलू लागली. धक्क्यावरची बाई, आवाज होताच.

“मला काढायचं तर काढा,” ती म्हणाली. “पण हात वर करणार कोण ते आधी बघा. ज्यांचं वेतन जाणार ते फाटकाबाहेर, त्यांना मत नाही. ज्यांची नोकरी जाणार ते कुंपणाला, हंगामी, त्यांनाही मत नाही. मधल्यामध्ये तुम्ही. तुमचं आज काहीच जात नाही, आणि हात तुम्ही वर करायचे. मी म्हणते त्या दोघांना विचारा. फाटकाबाहेरची म्हातारी माणसं आणि मागची पोरं, सगळ्यांनी मिळून सांगितलं की कर सही, तर मी आत्ता करते. पेन आहे माझ्याकडे.”

दादा म्हणाले, युनियनच्या नियमात ते बसत नाही.

“मग माझा नकार बसतो. तोही नियमच आहे.”

पोरं कुंपणापाशी चुळबुळली. कोणीतरी तिला शिवी दिली, कोणीतरी त्या शिवी देणाऱ्याला. दादांनी ठरावाला अनुमोदन द्यायला क्रेन चालवणाऱ्याला पुढे बोलावलं. त्याला सगळे गच्चीवाला म्हणत. तो उंच बसून जगाला तुच्छ लेखतो, असं तिचं म्हणणं, आणि ती खालून उगाच हातवारे करत बसते, असं त्याचं. दोघांचं वर्षानुवर्षं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. हा नाही म्हणणार नाही, याची दादांना खात्री होती.

गच्चीवाला पुढे आला. हात खिशात.

“हिचं माझं पटत नाही, हे काही मी सांगायला नको,” तो म्हणाला. “पण मला वरून माणसाचं नुसतं डोकं दिसतं. म्हाताऱ्याचं का पोराचं, ते कळत नाही. म्हणून खाली कोणीतरी लागतं. ही भांडकुदळ आहे. पण लागते.”

आणि तो परत आपल्या जागी जाऊन उभा राहिला, हात खिशातच.

तरीही दादांनी ठराव मांडला. कोणकोण बाजूने? काही हात वर गेले. आणखी काही अर्धवट गेले, शेजाऱ्याकडे पाहून कानाशी, टोपीशी रेंगाळले, खाली आले. बाकीचे खिशातून निघालेच नाहीत. तिच्या बाजूने कोण, असं दादांनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी फारसे हात वर गेले असते असं मला वाटत नाही. ती लोकांना आवडलेली नव्हती. नुसतं कोणी तिला काढायला तयार नव्हतं. गोदीत हात वर करणं ही लहान गोष्ट नाही, त्याने माल हलतो. दादांनी एकदा सगळीकडून नजर फिरवली, मोजलं नाही, आणि कर्ण्याची पट्टी गुंडाळू लागले.

मुदत संपली. वित्त अधिकाऱ्याने मला उत्तर टंकायला सांगितलं. एका विश्वस्ताची संमती नसल्याने निधी या योजनेत भाग घेऊ शकत नाही. सही करताना त्याने गोळी चघळली आणि म्हणाला, हिने आपल्याला गोत्यात आणलं. थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, तो म्हणाला की त्याचे वडीलही अशाच एका निधीवर जगतात, दुसऱ्या गावी. त्या निधीने होकार दिला होता. इतर बहुतेक निधींनी दिला होता. बाजार दोन दिवस शांत होता, मग त्याला दुसरी कसली तरी धडकी भरली. सरकार आता कायदाच करणार, असं बोललं जाऊ लागलं. सिग्नलवालीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, करू दे की. निदान घेणाऱ्याचं नाव कागदावर येईल.

व्यवस्थापनाने आपला शब्द मागे घेतला. हंगामी यादीतली निम्मी नावं उडाली, त्यांत जावयाचं होतं.

मुलगी त्या दिवशी दुपारी आली. मिस्त्री सांगतो की ती दारातच उभी राहिली, चपला न काढता.

“आई, असं होईल हे तुला माहीत होतं?”

“होईल असं वाटत होतं.”

“तरी?”

“तरी.”

माफी तिने मागितली नाही. समजूतही घातली नाही. शेगडी बंद केली, अंगावर कोट चढवला आणि विचारलं, तो कुठाय? तो खाली होता, काढलेल्या पोरांबरोबर, नाक्यावर. ती खाली उतरली. मुलगी मागोमाग आली, पण बरोबरीने चालली नाही. सिग्नलवाली त्या पोरांपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, मला शिव्या द्यायच्या असतील तर चालता चालता द्या, युनियनची कचेरी पाचला बंद होते. हंगामी माणसाला युनियनमध्ये घ्या, मत द्या, असा अर्ज करायचाय. आधी केला असता तर त्या दिवशी कुंपणाला टेकून उभे नसता राहिलात. एकाने विचारलं, आता नोकरी गेल्यावर काय उपयोग, वरातीमागून घोडं. ती म्हणाली, पुढची वरात निघणारच आहे.

सगळे आले नाहीत. जे आले त्यांतही जावई शेवटी होता.

दादा कचेरीत एकटेच होते. हंगामी कामगारांना सभासद करायची तरतूद नाही, ते म्हणाले, आणि काढून टाकलेल्यांना तर नाहीच नाही.

“मग तरतूद करा. बसतो आम्ही.”

“किती वेळ बसणार?”

“तुम्ही साहेबाच्या दारात बसला होतात तेवढा तरी.”

दादांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असेल, पण नुसता राग नसावा. त्यांनी समोरचे कागद सरळ केले, पुन्हा विस्कटले. जा असं म्हणाले नाहीत.

भिंतीला एक लांब बाक होता, पोरांनी तो भरून टाकला होता. ती उभीच होती. मग जावयाने, खिडकीबाहेर बघत, अंग चोरून जरा सरकून घेतलं. त्याच्यामुळे शेजारच्याला सरकावं लागलं, त्याच्यामुळे पुढच्याला, आणि बाकाच्या टोकाला एका माणसापुरती फळी मोकळी झाली. ती जाऊन बसली.